डबकं चुकवणाऱ्यांच्या वाटा

सिंगापूरमधल्या बुकित तिमाच्या टेकडीवर आमचं एक डबकं होतं. आमचं म्हणजे रविवारी सकाळी तिथे पळायला जाणाऱ्या आम्हा चार-पाच मराठी माणसांचं. माथ्यावरून मागच्या अंगाने उतरलं की एक वाट झाडांच्या मुळांवरून खाली यायची आणि उतार संपून जरा सपाटी लागली की बरोबर मधोमध ते डबकं. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ते असायचं. त्याच्या डावीकडून एक पायवाट होती, उजवीकडूनही एक होती. २०१० साली मी तिथे पळायला लागलो तेव्हा या दोन्ही वाटा मला टेकडीच्याच वाटल्या, कुणीतरी आखलेल्या, पहिल्यापासून असलेल्या. त्या आम्हीच पाडल्या होत्या हे कळायला चार वर्षं आणि एक कुलूप लागलं.

कुलूप लागलं सप्टेंबर २०१४ मध्ये. सिंगापूरमधली उद्यानं आणि राखीव जंगलं सांभाळणारी सरकारी संस्था म्हणजे एनपार्क्स. तिने जाहीर केलं की वाटा आणि उतार यांची दुरुस्ती करायची आहे, काम दोन वर्षं चालेल, पहिले सहा महिने टेकडी पूर्ण बंद. झालंही तसंच. एप्रिल २०१५ पासून शनिवार-रविवार फक्त माथ्यापर्यंतचा डांबरी रस्ता उघडला आणि बाकीच्या वाटा ऑक्टोबर २०१६ मध्ये.

प्रकरण एवढंच. पळणाऱ्यांमध्ये मात्र ते आजही असं सांगितलं जातं: 'सरकारने जंगलात जिना बांधला आणि मजा घालवली.' मीही बरेच दिवस असंच सांगत होतो. खरं तर मी धंद्याने सिव्हिल इंजिनिअर. पडलेलं पाणी कुठून कुठे न्यायचं हे बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम. पण रविवारी पळायचे बूट चढवले की ही अक्कल घरीच राहायची.

टेकडी केवढीशी

मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि तिमा म्हणजे कथील. कथील इथे नाही. आहे तो ग्रॅनाइट, आणि त्याच्यापायी या टेकडीचे चहूबाजूंनी लचके तोडलेले आहेत. हिंदहीड आणि सिंगापूर क्वॉरी या बंद पडलेल्या खाणींत आता पाणी साठून तळी झालीत, डेअरी फार्मच्या खाणीत लोक कातळ चढायला जातात. माथा समुद्रसपाटीपासून १६३.६३ मीटर. हा आकडा वरच्या दगडावर लिहिलेला आहे आणि त्या दगडाशी फोटोसाठी रांग असते.

पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा हसूच येतं. आमची वेताळ टेकडी शहराच्या सपाटीपासूनच दोनशे मीटरहून जास्त उठते आणि तिला आम्ही टेकडीच म्हणतो. इथे अख्ख्या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागासुद्धा तेवढी नाही. हसू पहिल्याच चढाला मावळतं, कारण दरवाजातून आत गेल्या गेल्या डांबरी रस्ता असा काही उभा राहतो की बोलणं बंद होतं. त्यात दमट हवा. सकाळी सातला, म्हणजे दरवाजा उघडतो तेव्हा, इथे जेमतेम उजाडलेलं असतं. घड्याळ देशाच्या जागेपेक्षा पुढे लावलेलं आहे त्याचा हा परिणाम. ऊन नसतं, तरी बनियन पिळावा असा घाम येतो.

राखीव जंगलही योगायोगाने १६३ हेक्टरच्या आसपास, म्हणजे चारशे एकर. एवढ्या जागेत सपुष्प वनस्पतींच्या ८४०हून जास्त आणि प्राण्यांच्या ५००हून जास्त जाती नोंदवलेल्या आहेत. १८५४ साली ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस या टेकडीच्या पायथ्याशी एका फ्रेंच पाद्र्याकडे उतरला होता. जेमतेम चौरस मैलभर जंगलातून त्याने सुमारे ७०० जातींचे भुंगेरे गोळा केले. त्या काळी इथे वाघ होते आणि वाघांसाठी खणून वरून पाचोळ्याने झाकलेले खोल खड्डे होते. त्यांत पडता पडता तो वाचला. वाटेवर लक्ष ठेवून चालायची परंपरा इथे जुनी आहे, असं आमच्यातले एक काका म्हणतात.

१८८३ मध्ये इथल्या बोटॅनिक गार्डन्सचा प्रमुख नथॅनियल कँटली याने, जंगलं झपाट्याने संपत चालली आहेत, असा अहवाल सरकारला दिला. त्यानंतर जी जंगलं राखीव झाली त्यांतली ही अगदी सुरुवातीची. म्हणजे टेकडी वाचली ती नशिबाने वाचलेली नाही, एका माणसाने आकडेवारी मांडून भांडल्यामुळे वाचली. पण वाचली ती एकटी. १९८६ मध्ये बुकित तिमा एक्सप्रेसवे झाला आणि त्याने तिला शेजारच्या मोठ्या पाणलोट जंगलापासून तोडलं. पुढच्याच वर्षी इथल्या पट्टेवाल्या लंगुरांपैकी शेवटचा उरलेला एक कुत्र्यांच्या हल्ल्यात मेला. २०१३ मध्ये त्या हमरस्त्यावरून ६२ मीटर लांबीचा, झाडं लावलेला पूल बांधला. प्राण्यांनी इकडून तिकडे जावं म्हणून. मधे सत्तावीस वर्षं गेली.

हे सगळं सांगायचं कारण, अशा एकाकी तुकड्यात वाटेच्या दोन्ही बाजूंचं फूटभर जंगल म्हणजे काय, हे त्याशिवाय कळत नाही. सह्याद्रीत एखादी वाट दोन हात रुंदावली तर डोंगर ते पचवतो. इथे पचवायला डोंगरच शिल्लक नाही.

मुळं

बंद होण्याआधी या टेकडीवर वर्षाला सुमारे ४ लाख माणसं यायची. भागाकार केला तर आठवड्याला साडेसात हजारांवर, आणि त्यातली बहुतेक शनिवार-रविवारी सकाळी. पळणारे त्यात थोडे. जास्त करून चालणारे: शाळांच्या सहली, आजी-आजोबांना घेऊन आलेली कुटुंबं, पाठीवर वीस किलोची पिशवी घेऊन तोच जिना दहादा चढणारे, हिमालयात जायची तयारी करणारे. आमचा वाटा लहान, असं म्हणायला वाव आहे. पण उतारावर पळणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात पाय आपटतो, टाचेने ब्रेक लावतो, आणि डोंगरी पळण्याच्या बुटाखाली रबराचे दात असतात. ते माती धरून ठेवायला असतात म्हणे. धरतात आणि उपटतातसुद्धा.

आता पाणी. सिंगापूरमध्ये वर्षातले सरासरी १७१ दिवस पाऊस पडतो. आपल्याकडे टेकडीला निदान आठ महिने विश्रांती मिळते. जूनमध्ये ओघळलेला मुरूम नोव्हेंबरपर्यंत दबून घट्ट होतो. इथल्या मातीला अशी उसंत कधीच नसते. खालचा ग्रॅनाइट कुजून झालेली वाळूमिश्रित चिकणमाती, तिच्यावर पाचोळ्याचा थर, आणि त्या दोहोंच्या मधे, वरच्या वीतभरातच, झाडांची पोसणारी मुळं. सदाहरित पावसाळी जंगलात अन्न खोलवर नसतं, वरच असतं. म्हणून सेरायासारखी उंचच उंच झाडंसुद्धा जमिनीलगत हातपाय पसरून उभी असतात.

अशा जमिनीवर वाट पडते ती दोन टप्प्यांत. पहिले काहीशे पाय पाचोळा उडवतात आणि माती दाबतात. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, सुरुवातीला, अगदी थोड्या पायांनी. नंतर हजारो पाय पडले तरी वाटेच्या मधल्या पट्ट्याचं त्या मानाने फारसं काही वाढत नाही. जंगलातल्या वाटांचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे आणि म्हणूनच ते सांगतात की माणसं पांगवू नका, एकाच वाटेवर ठेवा. आमच्यासारखे पळणारे नेमकं उलटं मानत होते: 'आपण जरा बाजूने गेलो तर मधल्या वाटेवरचा भार कमी होईल.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हे सज्जनपणाचं वाटलं होतं.

दुसरा टप्पा पाण्याचा. दाबलेली माती पाणी पीत नाही, त्यामुळे वाट ही चर होते. आमची ती वाट सरळ उताराच्या दिशेने, पाणी जसं धावेल तशीच धावणारी. वाट आखणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: बाजूच्या उताराचा जितका चढ, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त असू नये. म्हणजे पाणी वाटेवर आडवं येतं आणि ओलांडून खाली जातं. वाट उभीच काढली तर पाण्याला ओलांडायला जागाच नाही, ते वाटेनेच चालतं. बैलांचे तांडे चढवणारे आपले जुने घाटवाटवाले हे शिकायला कुठल्या कॉलेजात गेले नव्हते. पण बैल उभ्या वाटेने चढत नाही म्हणून वाट नागमोडी काढायचे आणि पाण्याचाही प्रश्न आपोआप सुटायचा.

तर पाणी वाटेने खाली आलं, येताना माती घेऊन आलं आणि उतार संपला तिथे वेग कमी झाल्यावर माती टाकून बसलं. तेच आमचं डबकं. वरच्या बाजूला माती गेल्यामुळे मुळं उघडी पडलेली. त्यातलं एक मूळ मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. मनगटाएवढं जाड, वाटेला आडवं, वरची साल हजारो बुटांनी घासून घासून गेलेली आणि आतलं लाकूड देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत, चकचकीत. पावसात त्यावर पाय पडला की माणूस आडवाच. म्हणून सगळे त्या मुळाच्या डावीकडून जायचे. डावीकडे दुसरं मूळ उघडं पडलं. मग लोक आणखी डावीकडून.

टेकडी बंद व्हायच्या आधीच्या महिन्यात पाय मुरगळला म्हणून एका रविवारी मी त्या डबक्यापाशी एका ओंडक्यावर बसून राहिलो होतो. वीसेक मिनिटं. करायला काही नव्हतं म्हणून बघत होतो कोण कुठून जातं. डबक्यातून सरळ फक्त दोघं गेले. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा, तो मुद्दाम उडी मारून. आणि दुसरी त्याला ओरडत मागून आलेली त्याची आई, नाइलाजाने. बाकी झाडून सगळे कडेकडेने. आमच्या गटातले चौघेही. त्यात सगळ्यात महागडे, 'चिखलासाठी खास' म्हणून घेतलेले बूट ज्याच्या पायात होते तो सगळ्यात लांबून वळसा घालून गेला.

त्या दिवशी परत जाताना मी पावलांनी मोजलं. डबक्याच्या वर जी वाट दोन पावलं रुंद होती ती डबक्यापाशी नऊ पावलं होती. मधल्या जागेत रोपटं नाही, पाचोळा नाही, नुसती पिवळट, तुळतुळीत माती. आणि कडेला, उजेड पोचतो तिथे, क्लिडेमिया नावाच्या परक्या झुडपाने जम बसवलेला. आपल्याकडे टेकडी मोकळी केली की घाणेरी येते, त्यातलाच प्रकार. शिवाय ती धुपलेली माती शेवटी ओढ्यात जाते, आणि या टेकडीच्या ओढ्यांत गोड्या पाण्यातला एक खेकडा आहे, जो सिंगापूर सोडून जगात कुठेच नाही. त्याचं शास्त्रीय नावच जोहोरा सिंगापोरेन्सिस. २०१२ मध्ये जगातल्या सर्वांत धोक्यातल्या १०० जातींची यादी निघाली त्यात तो आहे. तो कमी होण्याची कारणं बरीच असतील. आमची माती त्याच्या घरात जात होती, एवढं मी माझ्या धंद्याच्या जोरावर सांगू शकतो.

बंदीची दोन वर्षं

बंदी जाहीर झाली तेव्हा गटावर पहिला मेसेज आला तो काकांचा: 'दोन वर्षं? एवढ्यात तर पूल बांधतात.' ते मुंबईत सरकारी बांधकाम खात्यात होते, निवृत्तीनंतर मुलाकडे इथे आलेले. मी त्यांना उत्तर दिलं, 'काका, पूल बांधायला ट्रक जातो. इथे सगळं डोक्यावरून न्यायचं.' थोडं अतिशयोक्त होतं, पण तत्त्व बरोबर होतं. जिथे माती वाचवायची आहे तिथेच यंत्रं घातली तर उद्देशच बुडतो.

मग जायचं कुठे? वाट बंद केली म्हणून तिच्यावरचे पाय नाहीसे होत नाहीत. आम्ही मॅकरिचीला जायला लागलो, जलाशयाभोवती दहा-अकरा किलोमीटरचा फेरा. बाकीचेही तिथेच आले. पहिल्या महिन्यातच तिथल्या चिखलाच्या जागा फुगायला लागल्या. काही जण रेल कॉरिडॉरवर गेले: मलेशियाची रेल्वे २०११ मध्ये थांबली, रूळ उखडले, आणि बेटाच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत २४ किलोमीटरची सरळ, सपाट, गवताळ पट्टी मोकळी झाली. पळायला छान, पण टेकडीची भूक तिथे भागत नाही. आणि थोडे असे होते की जे कुंपणाच्या फटीतून आत जात. मी गेलो नाही. धाडस नव्हतं म्हणून. तत्त्व वगैरे काही नव्हतं. आखलेली वाट सोडली तर इथे २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि माझा इथे राहायचा परवाना नोकरीवर अवलंबून होता.

उघडल्यावर

ऑक्टोबर २०१६. पहिल्या रविवारी आम्ही सातच्या आधीच दरवाजाशी. डांबरी चढ तोच, घाम तोच, माथ्यावरचा दगड तोच. मागच्या अंगाने उतरायला लागलो आणि थांबलो. जमिनीपासून वर उचललेला फळ्यांचा मार्ग, दोन्ही बाजूंना कठडे, मधे मधे पायऱ्या. मुळं फळ्यांच्या खाली. डबकं फळ्यांच्या खाली. दोघं समोरासमोर आले तर एकाने अंग चोरायचं, एवढीच रुंदी.

काका म्हणाले, 'अहो, जंगलात यायचं आणि कठड्याला धरून चालायचं? यापेक्षा बिल्डिंगचा जिना काय वाईट?'

मला मनापासून पटलं. त्या दिवशी पळणं झालंच नाही. ओल्या फळीवर उतारावर पळणं म्हणजे हातपाय मोडून घेणं; पुढे पोरांची रांग; मागून कुणीतरी 'एक्सक्यूज मी अंकल' म्हणत घुसू पाहतंय. माझ्या नेहमीच्या फेऱ्याला घड्याळात अकरा मिनिटं जास्त लागली. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, टेकडी संपली.

ती म्हणाली, 'कुणाची?'

उत्तर द्यायला मला काही महिने लागले. ते उत्तर कठड्याच्या पलीकडे सापडलं. नऊ पावलांच्या त्या मोकळ्या पट्ट्यात, कठड्याला लागून, पाचोळा साठायला लागला होता. आधी नुसता पाचोळा. मग त्यातून बोटभर रोपं. फळ्यांच्या फटींतून पडणारं पाणी आता थेंबाथेंबाने पडत होतं, वाहत नव्हतं. पाणी अडवायचं नसतं, त्याचा वेग काढायचा असतो, हे मी पंधरा वर्षं ऑफिसात लोकांना सांगत आलो होतो. ते गुळगुळीत मूळ वाकून बघितलं तर फळ्यांखाली दिसायचं. त्याची चकाकी गेली होती, वर शेवाळ धरलं होतं.

यात माझं मत असं की फळ्यांचा मार्ग त्या जागी बरोबरच होता, पण तो सगळीकडे उत्तर नाही. लाकूड कुजतं, खिळे सैल होतात, दर काही वर्षांनी पैसे घालावे लागतात. सिंगापूरला ते झेपतं. शिवाय माणूस मातीला पाय न लावता जंगलातून गेला की जंगल त्याला टीव्हीसारखं दिसायला लागतं. काकांच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे. कठडे मात्र मला आता आवडतात. कारण चिखल चुकवायचा मोह आमच्यासारख्यांना उपदेशाने सुटत नाही. 'कृपया वाट सोडू नका' ही पाटी त्या डबक्यापाशी आधीपासून होतीच. तिच्या दोन्ही बाजूंनी वाटा होत्या.

बंदीपेक्षा मोठी गोष्ट एनपार्क्सने केली ती टेकडीच्या बाहेर, आणि तिच्याबद्दल पळणारे फारसं बोलत नाहीत. राखीव जंगलाच्या कडेकडेने त्यांनी उद्यानं उभी केली, जुन्या खाणी आणि पडीक वाड्यांच्या जागी. हिंदहीड २००१ मध्ये आणि डेअरी फार्म २००९ मध्ये आधीच झालं होतं. २०१६-१७ मध्ये चेस्टनट आलं, ८१ हेक्टरचं, त्यात सायकलवाल्यांच्या आणि चालणाऱ्या-पळणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या. मग विंडसर, थॉमसन, आणि २०२२ मध्ये टेकडीच्या दक्षिण अंगाला रायफल रेंज. यातल्या बहुतेक ठिकाणी जंगल दुय्यम आहे, म्हणजे एकदा तोडून पुन्हा वाढलेलं. तिथे वाट दोन हात रुंदावली तर तेवढं बिघडत नाही. धरणाच्या वरच्या अंगाला लहान लहान बंधारे घालून गाळ तिथेच अडवतात, तसंच हे: गर्दी आधी बाहेरच्या उद्यानांत जिरते आणि उरलेली आत पोचते. कोविडच्या वर्षांत परदेशी जायची सोय राहिली नाही आणि अख्खं सिंगापूर जंगलात आलं तेव्हा या कडेच्या उद्यानांनी मुख्य टेकडीचा किती भार घेतला, हे रविवारी सकाळी गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला विचारा.

सध्याचा फेरा

त्यामुळे आमचा मार्गच बदलला. पूर्वी आम्ही टेकडीवरच वर-खाली तीन फेऱ्या मारायचो. आता टेकडी एकदाच, तीही चालत: दरवाजातून माथा, मागच्या फळ्यांवरून शांतपणे डेअरी फार्मच्या बाजूला. तिथून पुढे पळणं सुरू. वॉलेसच्या नावाची एक वाट आहे, ओढ्याच्या कडेने जाणारी. मग सिंगापूर क्वॉरीचं तळं, तिथे दोन मिनिटं पाणी प्यायला थांबायचं आणि बगळे बघायचे. मग रेल कॉरिडॉरला लागायचं आणि जुन्या रेल्वेच्या पोलादी पुलाकडे सरळ सुटायचं. घड्याळात अकरा-बारा किलोमीटर भरतात. भरतात म्हणजे घड्याळ म्हणतं तसं. दाट झाडीखाली जीपीएस असा पिसाळतो की नकाशावर आम्ही दोनदा खाणीच्या तळ्यावरून पळालेलो दिसतो.

नव्याने येणाऱ्यांना आम्ही दोन-तीन गोष्टी सांगतो. हातात प्लास्टिकची पिशवी नको, कारण लांब शेपटीची माकडं पिशवी दिसली की ती आपलीच समजतात. चढणाऱ्याला वाट द्यायची. फळ्यांवर पळायचं नाही. आणि चिखल आला तर मधून जायचं, बूट नंतर धुता येतात. या शेवटच्या सूचनेवर प्रत्येक नवा माणूस हसतो, मान डोलवतो, आणि पहिलं डबकं आलं की बाजूने जातो.

मागच्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेलो होतो तेव्हा पहाटे वेताळ टेकडीवर गेलो. खांद्याला पाण्याची बाटली लावून रोपांना पाणी घालायला येणारे जुने लोक अजून येतात. लॉ कॉलेजच्या बाजूने वर चढताना जुनी वळणाची वाट आहे आणि तिला छेदून सरळ वर जाणारा शॉर्टकट आहे. शाळेत असताना मित्रांबरोबर पैज लावून मी त्याच शॉर्टकटने पळत उतरायचो. तेव्हा तो पायवाटेएवढा होता. आता तिथे गुडघाभर खोल घळ आहे, तळाला उघडा काळा दगड, आणि घळीच्या दोन्ही कडांवरून दोन नवे शॉर्टकट. एक पोरगा इअरफोन लावून त्यातल्या एकावरून धडधडत खाली आला. मी बाजूला झालो. त्याला काय सांगणार होतो?

परवाच्या रविवारी बुकित तिमाला रात्रीचा पाऊस होता. फळ्यांचा मार्ग जिथे संपून पुन्हा माती लागते, तिथे शेवटच्या पायरीवरून उतरणारं पाणी एका जागी पडतं. सहा महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं. आता ताटाएवढं डबकं आहे. काका पुढे होते, वय आता पंचाहत्तरीकडे झुकलेलं, कठड्याला धरून उतरत होते. डबक्यापाशी ते क्षणभर थांबले, मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि पांढरे बूट घालून सरळ मधे उतरले. त्यांच्यामागून आलेला आमच्यातला तरुण डावीकडून गेला. डावीकडे मी बघितलं, पाचोळा सरकलेला होता, बुटाच्या रुंदीचा, साधारण हातभर लांब.